चाचांचा गालिचा, नानांची हरकत

"गालिच्यांतलं ते सूफी-बिफी सगळं दुकानदारांनी मागाहून चिकटवलेलं," नाना म्हणाले. "विणणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं काही नसतं. हातात रंग कुठला आणि पुढची गाठ कुठे, एवढंच त्याला ठाऊक. साचेखात्यात आयुष्य काढलंय मी, मला नको सांगूस."

नाना परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, पुढे जॉबर झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत. कापडाबद्दल कुणी गोडगोड बोलायला लागलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मी पडलो पुस्तकांतला माणूस. आणि ज्यांच्यावरून हा वाद ते आमचे चाचा रफूगार होते. मूळचे दापोलीकडचे, घरात कोकणी, आमच्याशी मराठी आणि गिऱ्हाइकाशी हिंदी बोलायचे. फोर्टातल्या दुकानांतून फाटलेले, कसर लागलेले गालिचे त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे. परळ, गिरगाव, डोंगरी अशा तीन ठिकाणांहून आम्ही तिघं वसईच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आलो, त्याचं कारण मात्र एकच, जागेचा भाव. इथे कोण मूळचा कुठला हे फारसं कुणी विचारत नाही. कुठली लोकल पकडायचात, ते विचारतात.

चाचा गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून त्यांच्या बाजूने मी बोलतो आणि विरुद्ध नाना. ते होते तेव्हा आमचं दोघांचंही ऐकून घेऊन तिसरंच काहीतरी काढायचे. ती सोय आता राहिली नाही.

"दुकानदारांनी पुष्कळ चिकटवलंय हे कबूल," मी म्हणालो. "पण अर्दबीलच्या गालिच्याला कुठला दुकानदार होता?"

अर्दबीलचा गालिचा नानांना माहीत होता, कारण त्याचं एका पुस्तकातून कापलेलं चित्र चाचांच्या भिंतीवर होतं. मूळ गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरच्या वर. हिजरी ९४६ हे साल, म्हणजे इ. स. १५३९-४०, त्यातच विणलेलं आहे. सोबत मकसूद काशानी हे नाव, आणि तेही उंबरठ्याचा चाकर म्हणून. शेख सफीउद्दीन या सूफी पिराच्या अर्दबीलमधल्या दर्ग्यासाठी तो झाला असं मानतात. शेख १३३४ मध्ये वारले. पुढे त्यांच्याच वंशजांनी पिराच्या गादीवरून राजाच्या गादीवर उडी मारली आणि इराणात सफावी घराणं आलं. संग्रहालयाने हा गालिचा १८९३ मध्ये विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून २००० पौंडांना घेतला. त्याच्या जोडीचा दुसरा होता. तो कापून त्याच्या तुकड्यांनी पहिल्याची भोकं बुजवली होती. उरलेलं धड आता लॉस एंजेलिसला आहे. चाचांना या सगळ्यात सर्वांत जास्त रस होता तो त्या ठिगळांत. लंडनला जायला मिळालं तर मी नक्षी बघणार नाही, ठिगळ कुठे जोडलंय ते शोधत फिरेन, म्हणायचे.

"त्यातले ते दोन दिवे," नाना म्हणाले. "एक मोठा नि एक लहान. म्हणे कारागिराने मुद्दाम चूक ठेवली, का तर निर्दोष फक्त अल्ला. अरे, दोन कोटी साठ लाख गाठी आहेत त्यात, चाचांनीच सांगितलं होतं. एवढ्या गाठी बांधणाऱ्याला चूक मुद्दाम करावी लागते होय?"

मला हसू आलं. पण इथे नाना चाचांवर अन्याय करत होते, कारण ती मुद्दाम चुकीची गोष्ट चाचांनाही आवडत नसे. त्यांचं म्हणणं, एक चूक मोजून ठेवणारा माणूस मनात असं धरून चालतो की बाकीचं सगळं बिनचूक आहे. हा तर उलटा गर्व झाला. दिव्यांची दुसरी उपपत्ती त्यांना पसंत होती. गालिच्याच्या ज्या टोकाला लहान दिवा आहे तिथे बसलं की लांबचा मोठा दिवा अंतरामुळे आखडतो आणि दोन्ही सारखे दिसतात. म्हणजे गालिचा तुम्हाला बसायची जागा नेमून देतो. "तसव्वुफ, ही सूफी वाट, म्हणजे तरी दुसरं काय, भाऊ," चाचा म्हणाले होते, "आपण कुठे बसायचं ते कळणं."

"याला पुरावा?"

"नाही. त्या काळी इराणात अशी नजरेची युक्ती वापरत असल्याचा दाखला मिळत नाही."

"मग झालं तर," नाना म्हणाले आणि समाधानाने पाठ टेकून बसले.

नक्षीच्या अर्थांबद्दल मी नानांशी फार भांडत नाही. कोनाड्याची कमान आणि तिच्यात टांगलेला दिवा, ही नमाजाच्या गालिच्यावरची खूण मात्र नानाही मान्य करतात, कारण कुराणातल्या प्रकाशाच्या आयतीत कोनाडा आहे आणि त्यात दिवा आहे. गझालीने त्या आयतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिथे ओढाताण नाही. पण रंगांचं कोष्टक घेऊन कुणी आलं की मीसुद्धा नानांच्या बाकावर जाऊन बसतो. चौदाव्या शतकातल्या अलाउद्दौला सिमनानीने माणसाच्या आत सात सूक्ष्म स्थानं मानली आणि प्रत्येकाला रंग दिला, शेवटचा हिरवा. हे खरं. पण म्हणून गावातल्या मागावरच्या बाईने हिरवी लोकर त्यासाठी घेतली हे कशावरून? तिच्या हाताशी नीळ होती, मंजिष्ठ होती, डाळिंबाची साल होती. १८५६ मध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत पूर्वेकडच्या गालिच्यांत भडक जांभळा, गुलाबी शिरला. त्या जांभळ्याचं सूक्ष्म स्थान कुठलं? चाचा अशा कोष्टकांना 'साडीच्या दुकानातलं ज्ञान' म्हणायचे.

"मग तुझे चाचा सूफी कशात होते?" नानांनी विचारलं. "नक्षीत नाही, रंगात नाही. उरलं काय?"

"उलटी बाजू."

जुलै २०१८ च्या पावसात आमच्याकडे पाणी साचलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, वीज गेली. चाचांचं घर तळमजल्यावर. पलंगावर पलंग रचून त्यांनी गिऱ्हाइकांचे गालिचे वर काढले, पण एक लहानसा, त्यांचा स्वतःचा, भिजला. पाणी ओसरल्यावर तो त्यांनी जिन्याच्या कठड्यावर उलटा वाळत घातला आणि एक कोपरा कुजला तो दुरुस्त करायला घेतला. तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. आधी त्यांनी कुजलेल्या गाठी चिमट्याने उपटल्या, पार ताण्याचे तुटके धागे उघडे पडेपर्यंत. मग कोपरा लाकडी चौकटीवर ताणला. सुईने नवा सुती धागा धड भागात बोटभर आत नेला, जुन्या ताण्याच्या कुशीतून, आणि परत आणला. असे शेजारी शेजारी धागे झाल्यावर बाणा. मग एकेक गाठ. लोकरीचा तुकडा ताण्याच्या दोन धाग्यांभोवती फिरवायचा, खाली ओढायचा, सुरीने कापायचा. एक ओळ झाली की पंजाने ठोकून बसवायची. नवी लोकर त्यांनी घेतलीच नाही. दुसऱ्या एका मेलेल्या गालिच्याची लव काढून ठेवली होती ती वापरली, म्हणजे फिकेपणाही जुळावा. शेवटी कात्रीने लव कापली आणि तळहात फिरवून पाहिला. मग माझा हात धरून त्यावर फिरवला. जोड लागला नाही हाताला.

त्या कामात त्यांचे ओठ हलत होते. गाठीगणिक एक नाम. रफूगाराचं काम साधलं की रफूगार दिसत नाही, आणि सूफी ज्याला फना म्हणतात ते यापेक्षा वेगळं आपल्याला तरी समजलेलं नाही, असं ते म्हणाले.

आणि उलटी बाजू अशी. ते दर गुरुवारी माहीमला जायचे, मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याला. मुंबईकराला हा दर्गा ठाऊक असतो तो उरुसात पहिला संदल पोलिसांचा असतो म्हणून. पण हे मखदूमबाबा (१३७२-१४३१) मोठे पंडित होते, कोकणातल्या नवायत समाजातले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, आणि इब्न अरबी या अंदलुसी गूढवाद्याच्या ग्रंथावरही. सगळं अस्तित्व एकच, ही इब्न अरबीची शिकवण म्हणून प्रसिद्ध. समुद्राकाठच्या माहीममध्ये बसून एक कोकणी माणूस सहाशे वर्षांपूर्वी त्या शिकवणीवर भाष्य लिहीत होता, याचं मला अजून नवल वाटतं. चाचांनी ती पुस्तकं वाचली नव्हती, अरबी त्यांना कुराणापुरतीच यायची. पण त्यांनी ती शिकवण गालिचा उलटा करून मला दाखवली. सुलट बाजूला फूल वेगळं, जमीन वेगळी, किनार वेगळी. उलट बाजूला पाहा, सगळ्या गाठी एका जातीच्या, सगळ्या त्याच ताण्याला बांधलेल्या. फूल म्हणून निराळी वस्तूच नाही. रंग बदलला एवढंच.

"हा कापडाचा साधा धर्म आहे," नाना म्हणाले. "पैठणीच्या पदराचंही तेच, काठाचं नि मोराचं विणकाम एकच."

"चाचा म्हणायचे, मग धर्माला आणखी काय पाहिजे?"

नानांनी यावर थोडा वेळ घेतला. त्यांच्या आवाजात आता मघाचा फटकारा नव्हता.

"उलटी बाजू मीही पाहिली आहे. त्याच गालिच्याची. चाचांनी मलाही दाखवला होता तो. मला काय दिसलं सांगू? खालची वीतभर वीण घट्ट, गाठी चौकोनी. तिथून वर उजवीकडे गाठी आडव्या पसरल्यात. म्हणजे तिथे हात बदललाय. शेजारी दुसरं माणूस बसलं, नवशिकं, बहुधा पोर. आणखी वर बाणा वाकडा गेलाय, मुकादम घाई करत असणार. शेवटची चार बोटं पुन्हा पहिल्या हाताची. चाचा म्हणाले, सगळ्या गाठी एक. मी म्हणतो, सगळ्या वेगळ्या, नि प्रत्येकीमागे एक माणूस. त्याला किती मिळाले, हा माझा प्रश्न."

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. काश्मीर-अमृतसरकडे नक्षी सांकेतिक खुणांत लिहून ठेवत आणि एकजण ती मोठ्याने वाचे: इतक्या गाठी लाल, इतक्या निळ्या. मागावरचे हुकूम झेलल्यासारखे बांधत. पूर्ण फूल कसं दिसणार हे त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीत असायची गरजच नव्हती. इंग्रजांच्या काळात लाहोर, आग्रा, पुण्याचं येरवडा, अशा तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनात अजून पसरलेला अवाढव्य गालिचा १८९४ मध्ये आग्ऱ्याच्या तुरुंगात झाला. मुंबईच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाच्या उभारणीशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो जॉर्ज बर्डवुड, भारतीय कारागिरीवरच्या १८८० च्या आपल्या पुस्तकात या तुरुंगी गालिच्यांवर तुटून पडला आहे. फुकट हात आणि घाईचा माल, त्यामुळे जुना धंदा बुडतो, अशी त्याची तक्रार. नानांना बर्डवुड आवडतो, पण एक गोष्ट खटकते: त्याला धंदा बुडाल्याचं दुःख जास्त, कैद्याचं कमी. आणि नंतरचं तर आपल्याच आयुष्यातलं. मिर्झापूर-भदोहीच्या मागांवरच्या मुलांसाठी १९९४ मध्ये रगमार्कची खूण निघाली, कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने. मुलांनी हा गालिचा विणलेला नाही, हे सांगायला गालिच्याच्या पाठीवर चिठ्ठी लावावी लागली.

"हे मी चाचांना विचारलं होतं," मी म्हणालो. "येरवड्याच्या एका जुन्या तुकड्यावर काम चाललं होतं तेव्हा. ते म्हणाले, कैद्याने बांधलेली गाठ आणि दरवेशाने बांधलेली गाठ पाठीवरून ओळखता येत नाही."

"अरे, हीच तर माझी तक्रार आहे!" नाना जवळजवळ उठलेच. "ओळखता येत नाही म्हणून चाचा खूश, आणि ओळखता येत नाही म्हणून मी नाखूश. एकच वाक्य."

मी मग दख्खनच्या सूफींचा आधार घेतला. विजापूरच्या पिरांच्या परंपरेत चक्कीनामा, चरखानामा अशी दख्खनी गाणी होती. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७८ च्या पुस्तकात त्यांच्यावर लिहिलं आहे. जात्याचा खुंटा, चरख्याचं चाक, सूत, प्रत्येक भागाला नामस्मरणातला एकेक अर्थ. बायकांनी दळताना, कातताना ती म्हणायची. म्हणजे कामाच्या लयीत जिक्र, हे नामस्मरण, बसवणं ही चाचांची एकट्याची कल्पना नव्हे. आपल्याच मुलखात ती तीन-चारशे वर्षं मुरलेली आहे.

"लिहिलं कुणी?" नाना.

"पिरांनी. त्यांच्या शिष्यांनी."

"आणि दळलं कुणी?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. नाना पुढे म्हणाले, "जात्यावर बायांनी स्वतः रचलेलं बघ. माझी आई गायची. तिच्या ओवीत विठ्ठल होता, पण त्याच्याआधी भाऊ होता, माहेर होतं, सासूचं बोलणं होतं. जात्याच्या खुंट्याचा अर्थ सांगत बसली नाही ती."

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर नानांची आई तिथे पानोपानी भेटते. विठ्ठलही भेटतो, आणि सखा, लेकुरवाळा होऊन भेटतो. तेव्हा नाना अगदीच एका बाजूला ओढत होते. पण त्यांचा मुद्दा खुंट्याबद्दल होता, आणि तो बरोबर होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. रात्रपाळीला ते मनात हरिपाठ म्हणत. गिरणगावात भजनी मंडळं गल्लोगल्ली होती, पाठांतर चोख. "पण साच्याच्या तालावर नव्हे," ते म्हणाले. "साचा ऐकू येऊ नये म्हणून. धोट्याचा खडखडाट असा की शेजारचा माणूस ओठ हलवून बोलायचा आणि आम्ही ओठ वाचायचो. त्यात डोकं शाबूत ठेवायचं तर आत दुसरं काहीतरी चालू पाहिजे. चाचांना मी हे सांगितलं होतं. त्यांना वाटायचं, कामातून नाम निघतं. माझं नाम कामाच्या विरुद्ध होतं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. बराच वेळ सुई चालवत राहिले. मग म्हणाले, नानासाहेब, मला कुणी मुकादम नव्हता."

मला वाटतं, वादाचा निवाडा यात जवळजवळ झाला होता, आणि तो चाचांनीच केला होता. गालिच्यात सूफी विचार विणलेला असतो हे मला आता म्हणता येणार नाही. दर्ग्यासाठी झालेल्या अर्दबीलच्या गालिच्यातही तो गाठी बांधणाऱ्यांच्या मनात होता की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण हातातलं काम आपल्या मर्जीने हळू करायची मोकळीक ज्याला असेल, तो त्या गाठींतून नामापर्यंत पोचू शकतो. चाचा पोचले होते, हे मी त्या कोपऱ्यावर हात फिरवून पाहिलंय. ज्याला ती मोकळीक नाही त्याच्या गाठीवर आपण 'जिक्र' असं लिहिणं ही लबाडी आहे. नाना लबाडी म्हणतात, मी आधी भाबडेपणा म्हणत असे.

"मोकळीक म्हणजे पैसे," नानांनी दुरुस्ती केली. "चाचा भोकावर पैसे घ्यायचे नाहीत, तासावर घ्यायचे. दुकानदार कुरकुरला तरी. मी त्यांना मानत होतो ते त्यासाठी."

हे खरं होतं. आणि ते तास ते वहीत लिहून ठेवायचे, अगदी मिनिटांसकट. नमाजाला उठले की तेवढी मिनिटं वजा करायचे. काम करताना केलेला जिक्र मात्र वजा होत नसे. यावर नानांनी एकदा त्यांना छेडलं होतं की मालकाच्या वेळात देवाचं नाव कसं घेता. चाचांनी शांतपणे सांगितलं की नाव घेताना हात जास्त नीट चालतो, गिऱ्हाइकाचा फायदाच आहे.

आता प्रश्न त्या लहान गालिच्याचा आहे. चाचांच्या मुलीने तो आम्हा दोघांना मिळून दिला, आणि दोन माणसांना मिळून एक गालिचा देणं म्हणजे काय हे तिला कळलं नसावं. नानांचं म्हणणं, तो भिंतीवर लावायचा, पाठ बाहेर करून, म्हणजे हात बदललेले दिसतील. माझं म्हणणं, जमिनीवर टाकायचा, सुलट, बसायला. अर्दबीलचा गालिचाही वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला होता. २००६ मध्ये संग्रहालयाने तो खाली, आडवा ठेवला, आणि रंग उडू नयेत म्हणून तिथले दिवे दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं मोठे करतात.

"आपल्याकडे दिव्यांचा प्रश्न नाही," नाना म्हणाले. "तुझ्या तळमजल्यावर पाण्याचा आहे."

"आणि तुमच्या भिंतीला ओल आहे."

"मग तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे राहू दे, जमिनीवर. सहा महिने सुलट, सहा महिने उलट. डांबराच्या गोळ्या तू आणायच्या."

गोळ्या नको, कडुनिंबाचा पाला घाला, असं चाचा म्हणायचे, हे मी त्यांना सांगितलं. नाना म्हणाले, पाल्याने कसर जाते याला पुरावा काय?